भाव कोण वाढवतो?

(अन्नधान्य महाग झाले, की त्याची झळ सर्वांत आधी गरिबांच्या चुलीला बसते. हे भाव का वाढतात? त्याला एकटा दुकानदार जबाबदार असतो का? की शेतकरी? मालेगावच्या एका यंत्रमाग कामगाराची मुलगी या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघाली. तिला काय सापडले, ते या पाठात सांगितले आहे.)

गुरुवारची संध्याकाळ होती. अब्बा कारखान्यातून आठवड्याचा पगार घेऊन आले. त्यांनी पैसे अम्मीच्या हाती दिले. अम्मीने कपाटातून हिशेबाची वही काढली आणि सलमाला हाक मारली. सलमा नववीत शिकत होती. तिचे अक्षर वळणदार होते, म्हणून घरखर्च लिहिण्याचे काम तिच्याकडे होते.

"लिही बेटा," अम्मी म्हणाली, "कांदे एक किलो."

"एकच किलो? आपण तर दर आठवड्याला तीन किलो घेतो."

"या आठवड्यात एकच. तूरडाळ अर्धा किलो. तेल एक लिटर. आणि दूधवाल्याला सांग, उद्यापासून अर्धा लिटर दूध कमी टाक म्हणावे."

कोपऱ्यात बसलेली दादी लगेच म्हणाली, "बरे झाले. मला कोराच चहा आवडतो."

दादीला कोरा चहा मुळीच आवडत नसे. घरात सगळ्यांना हे ठाऊक होते. पण कोणी काही बोलले नाही.

सलमाने वहीची मागची पाने उलटली. जूनमधले एक पान तिने ऑक्टोबरच्या पानाशेजारी धरले. दोन्ही पानांवर सगळ्यात वर अब्बांच्या पगाराचा आकडा होता. तो अगदी सारखा होता. मात्र जूनच्या पानावर वस्तूंची यादी लांब होती आणि ऑक्टोबरच्या पानावर आखूड झाली होती. पैसे तेवढेच खर्च झाले होते, पण घरात सामान कमी आले होते.

"अब्बा, तुमचा पगार कोणी कापला नाही. तरी तो कमी झाला!" सलमा म्हणाली.

अब्बा खिन्नपणे हसले. "यालाच महागाई म्हणतात, बेटा."

"पण भाव वाढवतो कोण?"

या प्रश्नावर मात्र अब्बा गप्प राहिले. सलमा कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेली. तो म्हणाला, "मी काय करू? मलाच माल महाग मिळतो." भाजीवाला म्हणाला, "लासलगावलाच कांदा चढला आहे. तिकडे जाऊन विचार." भाजीवाल्याने हे रागाने म्हटले होते, पण सलमाने ते मनावर घेतले. तिच्या मामूंचा टेम्पो होता. ते नेहमी लासलगावहून कांदा भरून आणत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शाळेला सुट्टी होती. फजरची नमाज झाल्यावर मामू निघाले, तेव्हा सलमा टेम्पोत त्यांच्या शेजारी बसली होती.

लासलगाव हे नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातले गाव. कांद्याची इतकी मोठी बाजारपेठ देशात शोधून सापडणार नाही. तेथे जो भाव निघतो, त्याकडे देशभरातील व्यापाऱ्यांचे लक्ष असते. बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. लिलाव सुरू झाला. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीजवळ थांबे, कांदे हातात घेऊन पाही, भराभर बोली लावी आणि पुढच्या ट्रॉलीकडे सरके. एका ट्रॉलीचा सौदा व्हायला फारसा वेळ लागत नव्हता.

एका ट्रॉलीला टेकून एक वयस्क शेतकरी उभे होते. सलमा त्यांच्याजवळ गेली.

"काका, एक विचारू का? तुम्ही कांदा एवढा महाग का विकता?"

मामू दचकले. पण शेतकरी काका रागावले नाहीत.

"बाळ, भाव मी सांगत नाही," ते म्हणाले. "मी फक्त ट्रॉली उभी करतो. बोली व्यापारी लावतात. माल कमी आला, तर ते चढाओढ करतात. माल जास्त आला, तर पुढे निघून जातात. तू आज आलीस. मागे एकदा एप्रिलमध्ये यायला हवे होतेस. याच आवारात माझ्या कांद्याला इतका कमी भाव मिळाला, की काढणीची मजुरी आणि गाडीभाडेसुद्धा निघाले नाही. कांदा इतका स्वस्त का, हे विचारायला तेव्हा कोणीच आले नाही."

सलमाला काय बोलावे ते सुचेना. थोड्या वेळाने तिने विचारले, "मग एप्रिलमध्ये स्वस्त असलेला कांदा ऑक्टोबरमध्ये महाग का होतो?"

काकांनी तिला कांद्याचे गणित समजावून सांगितले. महाराष्ट्रात वर्षातून तीनदा कांद्याचे पीक निघते. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बाजारात येतो. त्यानंतर रांगडा कांदा येतो. मार्च ते मे या काळात उन्हाळ कांदा निघतो. देशातल्या एकूण कांद्यापैकी निम्म्याहून अधिक कांदा हा उन्हाळ कांदा असतो आणि तोच साठवणुकीत टिकतो. लाल कांदा टिकत नाही. म्हणून जून ते ऑक्टोबर हे पाच महिने सारा देश चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्यावर काढतो. चाळीतला साठा संपत आलेला असतो आणि नवा लाल कांदा अजून आलेला नसतो, असे काही आठवडे दरवर्षी येतात. नेमक्या त्याच वेळी जोराचा पाऊस झाला, तर शेतातला लाल कांदा सडतो. मग भाव भडकतात.

"आणि चाळीतला कांदा तरी कुठे तेवढाच राहतो?" काका म्हणाले. "तो सुकतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. समज, मी एप्रिलमध्ये १०० क्विंटल कांदा चाळीत भरला. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढताना त्यातला ७० क्विंटल चांगला निघाला, तर मी नशीबवान. आता तू हिशेब कर. एप्रिलमध्ये भाव क्विंटलला १,२०० रुपये होता, असे धर."

सलमाने तळहातावर बोटाने गुणाकार केला. शंभर क्विंटलचे झाले १,२०,००० रुपये. तेवढेच पैसे ७० क्विंटलमधून मिळवायचे, तर क्विंटलला सुमारे १,७१४ रुपये भाव मिळायला हवा. म्हणजे काकांच्या पदरात एक पैसाही जास्त न पडता भाव पाचशे रुपयांनी वाढला होता! चाळीचा खर्च तर यात धरलेलाच नव्हता.

सौदा झाल्यावर ट्रॉली काट्यावर गेली. तेथून ती व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेली. खळ्यावर बायका कांदा निवडत होत्या. मोठा, मध्यम आणि लहान असे वेगवेगळे ढीग पडत होते. सडका कांदा बाजूला टाकला जात होता. हमाल गोण्या भरून, शिवून गाडीत चढवत होते. मामूंनी डिझेल भरले आणि ते परत निघाले. मालेगावला घाऊक व्यापाऱ्याने गोण्या उतरवून घेतल्या. त्याच्याकडून भाजीवाल्याने कांदा नेला. वाटेत हमाली, तोलाई, बारदान, भाडे, नासाडी आणि प्रत्येकाचा नफा अशी भर पडत गेली.

"मामू, यात चोर कोण?" सलमाने विचारले.

मामू हसले. "घाम गाळणारा चोर नसतो, बेटा. पण आणखी भाव वाढेल म्हणून गोदामाला कुलूप लावून बसणारेही काही जण असतात, हेही खरे."

शनिवारी सलमाने वर्गात सरांना ही सगळी हकीकत सांगितली. सरांनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : 'भाव कोण वाढवतो?'

"मुलांनो, सलमाने निम्मे उत्तर आणलेच आहे," सर म्हणाले. "उरलेले आपण मिळून शोधू. पहिले कारण म्हणजे पुरवठ्यात पडलेला खंड. पाऊस फार कमी झाला, फार जास्त झाला किंवा अवेळी झाला, की पीक बुडते. ऑक्टोबर १९९८ मध्ये दिल्लीत कांदा किलोला ४० रुपयांच्या वर गेला. त्या काळी ही किंमत फार मोठी होती. नोव्हेंबर २०१० मध्ये नाशिक भागात अवकाळी पाऊस झाला आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत कांदा ८० रुपयांपर्यंत पोहोचला. २०१९ मध्ये पाऊस लांबला आणि वर्ष संपता संपता अनेक शहरांत कांद्याने शंभरी ओलांडली."

"पण सर, महाग झाला तर लोकांनी कमी खावा," एक मुलगा म्हणाला. "मग भाव आपोआप उतरेल."

"चांगला प्रश्न विचारलास. कपडा महाग झाला, तर जुना कपडा आणखी एक वर्ष वापरता येतो. जेवण मात्र पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. भाव वाढले, तरी अन्नाची मागणी फारशी घटत नाही. म्हणून पुरवठा थोडासा कमी झाला, तरी भाव पुष्कळ वाढतो. अन्नाची महागाई इतर वस्तूंच्या महागाईपेक्षा वेगळी आहे, ती यामुळेच."

सरांनी दुसरे कारण लिहिले : खर्च. डिझेल महागले, की नांगरणी महागते, वाहतूकही महागते. खत, बियाणे, औषध आणि मजुरी यांचे दर वाढले, की धान्य पिकवण्याचा खर्च वाढतो. "पण ग्राहकाने दिलेला सगळा पैसा शेतकऱ्याला मिळतो, असे समजू नका. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहक कांद्यासाठी जो एक रुपया देतो, त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात, असे त्यात आढळले. टोमॅटोच्या बाबतीत तर सुमारे ३३ पैसेच. बाकीचे पैसे वाटेतल्या खर्चात, नासाडीत आणि नफ्यात जातात. रस्ते, गोदामे, शीतगृहे चांगली असतील आणि मधले टप्पे कमी असतील, तर शेतकऱ्याला जास्त मिळेल आणि आपल्यालाही स्वस्त पडेल."

"तिसरे कारण दूरदेशी घडते," सर पुढे म्हणाले. "तुमच्या घरातले खाद्यतेल कुठून येते?"

"दुकानातून!" मुले हसत म्हणाली.

"आणि दुकानात? आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येते, तर सूर्यफूल तेल युक्रेन-रशियाकडून. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यात युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेलाची जहाजे अडकली. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. युद्ध हजारो मैलांवर होते, पण मालेगावच्या गृहिणीने तळण काढताना हात आखडता घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे कडक ऊन पडले आणि उत्तर भारतातला गहू दाणे भरण्याच्या वेळीच होरपळला. तेव्हा १३ मे २०२२ रोजी आपल्या सरकारनेही गव्हाची निर्यात थांबवली."

चौथे कारण मामूंनी सांगितलेलेच होते : साठेबाजी. सरांनी विद्यार्थ्यांना इतिहासाची आठवण करून दिली. सुलतान अलाउद्दीन खिलजी याने दिल्लीत वस्तूंचे भाव ठरवून दिले होते. इतिहासकार जियाउद्दीन बरनी याने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. गव्हाचा भाव मणाला साडेसात जितल होता. बाजारावर 'शहना-ए-मंडी' नावाचा अधिकारी नेमलेला होता. धान्य दडवणाऱ्याला कडक शिक्षा होई. "पण सुलतानाने नुसता दंडुका उगारला नव्हता," सर म्हणाले. "त्याने दोआबातला महसूल धान्याच्या रूपाने घेऊन सरकारी कोठारे भरून ठेवली होती. टंचाई आली, की ते धान्य बाजारात येई. कोठारात धान्य नसेल, तर नुसत्या हुकमाने भाव उतरत नाही. तरीही १३१६ मध्ये सुलतान मरण पावला आणि त्याच्यामागे ती व्यवस्था टिकली नाही. आपल्या काळात साठेबाजीला आळा घालण्यासाठी १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला. सरकारी कोठारांचे काम १९६५ पासून भारतीय अन्न महामंडळ करते."

"पाचवे कारण म्हणजे पैसा आणि मागणी," असे म्हणून सर क्षणभर थांबले. "बाजारात वस्तू तेवढ्याच राहिल्या आणि लोकांच्या हातातला पैसा वाढला, तर भाव चढतात. पण पैसा सर्वांच्या हातात सारखा वाढत नाही. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. वीस लाखांहून अधिक माणसे मेली. अमर्त्य सेन त्या वेळी लहान मुलगा होते. पुढे ते मोठे अर्थशास्त्रज्ञ झाले आणि १९८१ मध्ये त्यांनी या दुष्काळावर लिहिले. त्या वर्षी बंगालमध्ये १९४१ पेक्षा कमी धान्य नव्हते, असे त्यांनी आकडेवारीने दाखवले. मग माणसे उपाशी का मेली? दुसरे महायुद्ध चालू होते. युद्धासाठी पैसा पाण्यासारखा खर्च होत होता. भीतीने आणि लोभाने तांदूळ साठवला जात होता. तांदळाचे भाव कितीतरी पटींनी वाढले. शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांची मजुरी मात्र त्या मानाने वाढली नाही. दुकानात तांदूळ होता, पण तो घेण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नव्हते."

वर्गात शांतता पसरली. सलमाला आपल्या वहीतली ती दोन पाने आठवली.

सरांनी फळ्यावर आणखी एक हिशेब मांडला. एका घराची मिळकत महिना १२,००० रुपये आहे. त्यातले ६,००० रुपये अन्नावर जातात. दुसऱ्या घराची मिळकत १,००,००० रुपये आहे आणि अन्नावर १५,००० रुपये खर्च होतात. अन्न २० टक्क्यांनी महागले, तर पहिल्या घराला १,२०० रुपये जास्त लागतील, दुसऱ्याला ३,००० रुपये. दुसऱ्या घराचा आकडा मोठा दिसतो. पण पहिल्या घराच्या मिळकतीचा तो दहावा हिस्सा आहे. दुसऱ्याच्या मिळकतीचे मात्र फक्त तीन टक्के. "घर जितके गरीब, तितका त्याच्या मिळकतीचा मोठा भाग अन्नावर जातो. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच हे दाखवून दिले. आपल्या देशात २०२२-२३ मध्ये पाहणी झाली. घरखर्चातला सुमारे ४६ टक्के हिस्सा ग्रामीण भागात आणि ३९ टक्के हिस्सा शहरी भागात खाण्यापिण्यावर जातो, असे तीत दिसले."

"मग सर, सरकार कांद्याची निर्यात कायमचीच बंद का करत नाही?" सलमाने विचारले. "म्हणजे तो इथेच राहील आणि स्वस्त होईल."

"असे अनेकदा झाले आहे. २०१० मध्ये, २०१९ मध्ये, २०२० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शहरातल्या ग्राहकाला त्याचा आधार वाटतो. पण तुला लासलगावला भेटलेल्या काकांचा विचार कर. चार पैसे मिळण्याची वेळ आली, की त्यांचा बाजार बंद होतो. दुसऱ्या वर्षी ते कांदा कमी लावतात आणि पुन्हा टंचाई होते. तुरीचे असेच झाले. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे दुष्काळी गेली. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली. तो भाव पाहून पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी भरपूर तूर पेरली. पाऊसही चांगला झाला. देशातले तुरीचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले आणि भाव हमीभावाच्याही खाली कोसळले. २०१७ मध्ये महाराष्ट्रात सरकारी खरेदी केंद्रांसमोर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. एका वर्षी खाणारा रडला, दुसऱ्या वर्षी पिकवणारा. दोघांचेही भले व्हावे असा भाव राखणे, हे फार अवघड काम आहे. वेळीच साठा करणे, तो वेळीच बाजारात आणणे, शेतकऱ्याला हमीभाव देणे आणि गरिबाच्या घरी रेशनचे धान्य पोहोचवणे, हे सगळे एकाच वेळी करावे लागते."

रेशनचे नाव निघताच सरांनी एक गोष्ट सांगितली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. पण त्या माणसाचे नाव शिधापत्रिकेवर असायला हवे.

त्या संध्याकाळी सलमाने घरी शिधापत्रिका काढून पाहिली. तिच्यावर अब्बा, अम्मी, दादी आणि सलमा अशी चार नावे होती. धाकट्या भावाचे नाव नव्हते. तो आता सहा वर्षांचा झाला होता.

"मग बेटा, सापडला का भाव वाढवणारा?" अब्बांनी विचारले.

"एकटा कोणी नाही, अब्बा. पाऊस आहे, डिझेल आहे, दूरचे युद्ध आहे, साठेबाज आहेत. शेतकरी काकांची तर आपल्यासारखीच ओढाताण होते. यातले पुष्कळसे आपल्या हातात नाही. पण भावाचे नाव शिधापत्रिकेवर चढवणे आपल्या हातात आहे. दर महिन्याला पाच किलो, म्हणजे वर्षाला ६० किलो धान्य."

अब्बा विचारात पडले. "अर्ज मराठीत लिहावा लागेल. मला नीट जमत नाही, म्हणून दोन वर्षे राहून गेले."

"मी लिहिते," सलमा म्हणाली.

तिने कोरा कागद घेतला. 'माननीय तहसीलदार साहेब यांस' असे तिने वर लिहिले. काना, मात्रा, वेलांटी तपासत तिने सबंध अर्ज पूर्ण केला. अब्बांनी खाली सही केली. मग ते म्हणाले, "ती हिशेबाची वहीसुद्धा दे. जूनचे पान आणि ऑक्टोबरचे पान मला कारखान्यात दाखवायचे आहे. भाव वाढले, तशी मजुरीही वाढायला नको का? आम्ही सगळे मिळून मालकांशी बोलणार आहोत."

तेवढ्यात अम्मीने चहा आणला. दादीच्या पेल्यात आज थोडेसे दूध होते. अम्मीने ते स्वतःच्या चहातून वाचवले होते. दादीने पेल्यात पाहिले, अम्मीकडे पाहिले आणि काही न बोलता चहाचा घोट घेतला.

शब्दार्थ

यंत्रमाग – विजेवर चालणारा माग. आखूड – लांबीने कमी. आवार – इमारतीभोवतालची मोकळी जागा. लिलाव – बोली लावून होणारी विक्री. चाळ (कांद्याची) – कांदा साठवण्यासाठी बांधलेली हवेशीर जागा. खळे – माल निवडण्याची व भरण्याची मोकळी जागा. तोलाई – वजन करण्याची मजुरी. बारदान – गोण्या, पोती. अवकाळी – अवेळी येणारा. साठेबाजी – भाव वाढावा म्हणून माल दडवून ठेवणे. हमीभाव – सरकारने आधी जाहीर केलेला किमान भाव. शिधापत्रिका – रेशनकार्ड.

वाक्प्रचार

झळ बसणे – त्रास सोसावा लागणे. मनावर घेणे – एखादी गोष्ट करण्याचे ठरवणे. पदरात पडणे – मिळणे. हात आखडता घेणे – खर्च किंवा वापर कमी करणे. आळा घालणे – नियंत्रण ठेवणे. ओढाताण होणे – पैशांची अडचण होणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घरखर्च लिहिण्याचे काम सलमाकडे का होते?
(आ) साठवणुकीत कोणता कांदा टिकतो?
(इ) 'शहना-ए-मंडी' हा कोण होता?
(ई) शिधापत्रिकेवर कोणाचे नाव नव्हते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) "तुमचा पगार कोणी कापला नाही. तरी तो कमी झाला!" असे सलमा का म्हणाली?
(आ) अन्नाचा पुरवठा थोडा कमी झाला, तरी भाव पुष्कळ का वाढतो?
(इ) २०१५ ते २०१७ या काळात तुरीच्या भावात कोणता बदल झाला? त्याचे कारण काय?
(ई) १९४३ मध्ये बंगालमध्ये धान्य असूनही माणसे उपाशी का मेली?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) "मी फक्त ट्रॉली उभी करतो."
(आ) "घाम गाळणारा चोर नसतो."
(इ) "मला कोराच चहा आवडतो."

प्र. ४. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा.
महाग, टंचाई, घाऊक, निर्यात, नफा.

प्र. ५. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. उर्दूत त्यांचे लिंग कोणते व मराठीत कोणते, ते शिक्षकांच्या मदतीने लिहा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.
बाजार, किंमत, वजन, नुकसान, हिशेब, माल.

प्र. ६. 'आळा घालणे' व 'ओढाताण होणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ७. दादीने आणि अम्मीने चहाच्या बाबतीत काय केले? त्यातून त्यांचा कोणता स्वभाव दिसतो, ते आपल्या शब्दांत लिहा.

उपक्रम : आपल्या घरी लागणाऱ्या पाच खाद्यवस्तूंचे भाव चार आठवडे वहीत लिहा. कोणता भाव वाढला व कोणता उतरला ते पाहा. त्याचे कारण दुकानदाराला व भाजीवाल्याला विचारा आणि दहा ओळींत मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.